विषय निवडण्याचे स्वातंत्र्य आणि त्याची किंमत

बारावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील लाखो घरांतून एकाच प्रकारची चर्चा सुरू होते. प्रवेश कोठे मिळेल, शुल्क किती पडेल, वसतिगृहात जागा मिळेल की खोली घ्यावी लागेल, मुलीने एस.टी.ने रोज जाऊन-येऊन केले तर किती वेळ जाईल, अशा अनेक प्रश्नांचा खल होतो. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु पदवीचा मुख्य विषय कोणता घ्यावा, हा प्रश्न या चर्चेत बहुधा सर्वांत शेवटी येतो आणि पुष्कळदा येतच नाही. रांगेतल्या मित्राने जो विषय लिहिला तोच आपण लिहावा, किंवा अर्ज भरून देणाऱ्या नेट कॅफेवाल्याने विचारताच जो पहिला आठवेल तो सांगावा, अशा रीतीने आयुष्याची तीन-चार वर्षे ज्या विषयाच्या स्वाधीन करायची त्याची निवड होते. घरात शिवणयंत्र घ्यायचे झाले तरी चार दुकाने फिरणारी माणसे हा निर्णय मात्र चार मिनिटांत उरकतात.

पूर्वी या निष्काळजीपणाची किंमत फारशी मोजावी लागत नसे, कारण निवडीला मुळात वावच थोडा होता. आता तशी स्थिती राहिलेली नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२० मध्ये मंजूर केलेले राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि त्याला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेला श्रेयांक आराखडा यांमुळे पदवीचे स्वरूप बदलले आहे. महाराष्ट्रातही एप्रिल २०२३ च्या शासननिर्णयानंतर ही पद्धत प्रथम स्वायत्त व पाठोपाठ संलग्न महाविद्यालयांतून सुरू झाली. मुख्य विषय, दुय्यम विषय, मुक्त ऐच्छिक विषय, कौशल्याचे अभ्यासक्रम, प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, क्षेत्रप्रकल्प अशा अनेक खणांची ही पेटी विद्यार्थ्याने आपल्या हाताने भरायची आहे. एका सत्रात बावीस, वर्षाला चव्वेचाळीस, तीन वर्षांत एकशे बत्तीस आणि चार वर्षांत एकशे शहात्तर असे श्रेयांकांचे माप राज्याने ठरवले आहे. निवडीचे स्वातंत्र्य वाढले, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु स्वातंत्र्य वाढले की चुकण्याच्या वाटाही वाढतात, आणि चूक झाल्यास तिचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हे पाहणे अगत्याचे ठरते.

‘स्पेशल’पासून ‘मेजर’पर्यंत

मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठे १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर स्थापन झाली, तेव्हा त्यांचे मुख्य काम परीक्षा घेण्याचे होते. पुढे ‘प्रिव्हियस’, ‘इंटर’ आणि बी.ए. अशा पायऱ्या रूढ झाल्या. कोठारी आयोगाच्या (१९६४–६६) शिफारशी आणि १९६८ चे राष्ट्रीय धोरण यांच्या परिणामी सत्तरच्या दशकात महाराष्ट्राने १०+२+३ हा आकृतिबंध स्वीकारला आणि एफ.वाय., एस.वाय., टी.वाय. हे शब्द घरोघरी गेले. या पद्धतीत विद्यार्थी दोन-तीन विषयांची ओळख करून घेई आणि त्यांतला एक ‘स्पेशल’ म्हणून धरी. मुंबईत सहा पेपर एकाच विषयाचे, किंवा तीन-तीन पेपर दोन विषयांचे, अशी सोय असे. निवड थोडी होती. पण ती सर्वांना समजत असे. तीन पेपरांचा आणि सहा पेपरांचा फरक काय, हे वरच्या वर्गातला कोणताही विद्यार्थी सांगू शके.

‘मेजर’ व ‘मायनर’ हे शब्द आपल्याकडे आता रूढ होत असले, तरी त्यांचा जन्म अमेरिकेतला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या १८७७-७८ च्या माहितीपत्रकात ते प्रथम आढळतात. त्याच सुमारास हार्वर्डमध्ये चार्ल्स एलियट या अध्यक्षांनी (१८६९–१९०९) सक्तीचे विषय एकेक करून काढून टाकले आणि विद्यार्थ्याला जवळजवळ पूर्ण मोकळीक दिली. या प्रयोगाचा अनुभव उद्बोधक आहे. पुष्कळ विद्यार्थी निरनिराळ्या विषयांचे केवळ प्राथमिक वर्ग गोळा करू लागले आणि सोपा परीक्षक पाहून विषय ठरू लागला, अशी तक्रार पुढे आली. एलियट यांच्यानंतर आलेल्या लॉवेल यांनी प्रत्येक विद्यार्थ्याने एका विषयात खोलवर जावे आणि उरलेल्या वेळात इतर ज्ञानशाखांतून ठरावीक प्रमाणात शिकावे, असा नियम घातला. आजच्या मुख्य विषयाची कल्पना त्या नियमातूनच दृढ झाली. म्हणजेच मुख्य विषय ही मोकळ्या निवडीला घातलेली शिस्त आहे. हा इतिहास आपण लक्षात घेतला पाहिजे. कारण आपल्या नव्या आराखड्यातही दोन-दोन श्रेयांकांचे अनेक लहान अभ्यासक्रम आहेत. एका श्रेयांकाला सुमारे पंधरा तासांचे अध्यापन, या हिशेबाने दोन श्रेयांक म्हणजे तीस तास. तीस तासांत कोणत्याही विषयाची तोंडओळख होते, विद्या होत नाही. विद्या व्हायची ती मुख्य विषयातच. आयोगाच्या आराखड्यात किमान निम्मे श्रेयांक त्याच्याकडे ठेवले आहेत, त्याचे कारण हेच.

कांद्याचा भाव आणि पदवीचा भाव

मुख्य विषय निवडताना सर्वसाधारण पालकाचा पहिला प्रश्न असतो, ‘सध्या कशाला मागणी आहे?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या पगारातून, अथवा चार एकर कोरडवाहू जमिनीतून शुल्क भरणाऱ्याने मोबदल्याचा विचार करू नये, असे सांगणे निव्वळ ढोंग ठरेल. तथापि या प्रश्नातला ‘सध्या’ हा शब्द फसवा आहे. प्रवेश आज घ्यायचा असतो आणि नोकरी तीन-चार वर्षांनी शोधायची असते.

नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकाला हा सापळा समजावून सांगावा लागत नाही. यंदा भाव चढला म्हणून सगळ्यांनी कांदा लावायचा आणि पीक हाती येईपर्यंत लासलगावच्या बाजारात तो मातीमोल व्हायचा; मग पुढच्या वर्षी लागवड घटायची आणि भाव पुन्हा चढायचा. अर्थशास्त्रात याला कोळ्याच्या जाळ्याची उपमा देतात. रिचर्ड फ्रीमन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली हेच जाळे अभियंत्यांच्या बाबतीत दाखवून दिले. पगार वाढला की प्रवेशांची गर्दी होते आणि ही गर्दी पदव्या घेऊन बाहेर पडते तेव्हा पगार उतरलेला असतो.

महाराष्ट्राने हे नाटक स्वतःच्या अंगणात पाहिले आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात डी.एड.ला मोठी मागणी होती. बारावीनंतर दोन वर्षांत शिक्षकाची नोकरी, या आशेने गावोगावच्या हुशार मुलामुलींनी, विशेषतः मुलींनी, इतर वाटा सोडून ती वाट धरली. अध्यापक विद्यालये भराभर निघाली. २०१२ साली शिक्षकभरती थांबली आणि हजारो पदविकाधारक हातात प्रमाणपत्र घेऊन बसून राहिले. पुढे विद्यार्थीच मिळेनात म्हणून अनेक विद्यालये बंद पडली. अभियांत्रिकीतही एका काळी स्थापत्य आणि यंत्र शाखांसाठी धडपड चाले. नंतर त्याच शाखांच्या जागा रिकाम्या राहू लागल्या आणि सर्वांचा लोंढा संगणक शाखेकडे वळला. आज ज्या शाखेपुढे रांग आहे तिचे चार वर्षांनी काय होईल, हे छातीठोकपणे सांगणाऱ्यांपासून सावध राहावे, एवढाच या इतिहासाचा बोध.

बेरोजगारीच्या आकड्यांकडेही नीट पाहिले पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ साली भारतातील पदवीधर तरुणांत बेरोजगारीचे प्रमाण २९.१ टक्के होते, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ते ३.४ टक्के होते. हे आकडे वाचून ‘शिकून काय उपयोग?’ असा निष्कर्ष पुष्कळजण काढतात. तो चुकीचा आहे. निरक्षर मजुराला बेकार राहणे परवडत नाही. मिळेल ते काम मिळेल त्या मजुरीवर त्याला त्याच दिवशी धरावे लागते. पदवीधर वाट पाहू शकतो, कारण त्याच्यामागे थोडीफार मिळवती माणसे असतात. त्या आकड्याचा बराच भाग म्हणजे ही वाट पाहण्याची वर्षे होत. मात्र वाट पाहण्याचा खर्च घरानेच सोसायचा असतो. म्हणून विषयाची निवड करताना, मिळू शकणाऱ्या सर्वोत्तम नोकरीबरोबरच ती न मिळाल्यास हाती काय उरेल, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

मागे वळता येणाऱ्या आणि न येणाऱ्या वाटा

या प्रश्नाच्या उत्तरासाठी एक साधी कसोटी आहे. काही निवडी नंतर बदलता येतात, काही येत नाहीत. विज्ञान शाखेतून पुढे समाजशास्त्राकडे किंवा मराठी साहित्याकडे वळता येते. उलट प्रवास जवळजवळ अशक्य असतो. गणित हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. दहावीनंतर गणिताला रामराम ठोकून कला शाखेत आलेला विद्यार्थी अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेतो, प्रथम वर्षात त्याला गोडी लागते, आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी चांगल्या संस्थेकडे वळताच त्याच्यापुढे भिंत उभी राहते. अनेक आय.आय.टी.मधील एम.एस्सी. प्रवेशासाठी जी परीक्षा होते तिच्यात २०२१ पासून अर्थशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे आणि तिच्यात गणित व संख्याशास्त्र यांचा भाग मोठा आहे. ही गोष्ट त्याला तिसऱ्या वर्षी कळून उपयोग नाही. ती अकरावीत, निदान पदवीच्या पहिल्या सत्रात, कळायला हवी. मानसशास्त्रालाही संख्याशास्त्र लागते. भूगोलाला नकाशाशास्त्र आणि संगणक लागतो. इतिहासाच्या गंभीर अभ्यासाला मोडी किंवा फारसी यांसारखी एखादी जास्तीची लिपी वा भाषा लागते. प्रत्येक विषयाच्या पाठीमागे अशी एक साखळी असते. साखळीची पहिली कडी सुटली की पुढच्या कड्या हाती लागत नाहीत.

म्हणून पदवीची योजना शेवटाकडून सुरुवातीकडे आखावी. पाच-सात वर्षांनी जेथे पोहोचण्याची शक्यता आहे अशी दोन-तीन ठिकाणे कागदावर मांडावीत. कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षक व्हायचे तर पदव्युत्तर पदवी कोणत्या विषयातली लागते? वरिष्ठ महाविद्यालयासाठी नेट अथवा सेट कोणत्या विषयात द्यावी लागेल? राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, मग त्या परीक्षेचे नाव घेऊन नावडता विषय तीन वर्षे वाहण्याचे कारण काय? अशी प्रश्नोत्तरे झाली की काही विषय आपोआप गळतात, काही आवश्यक ठरतात. कोठे पोहोचायचे हे अजून ठरलेच नसेल, तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. सतराव्या वर्षी ते ठरलेले असणे हाच अपवाद होय. अशा विद्यार्थ्याने जास्तीत जास्त दारे उघडी ठेवणारा विषय घ्यावा. शिवाय आयोगाच्या आराखड्यात पहिल्या वर्षाअखेर मुख्य विषय बदलण्याची मुभा सुचवलेली आहे. म्हणून पहिले वर्ष हे मन लावून चाचपणी करण्याचे वर्ष मानावे. प्रत्येक विषयाचे पुढील वर्षांचे अभ्यासक्रम वाचावेत, वरच्या वर्गाच्या प्रश्नपत्रिका डोळ्यांखालून घालाव्यात आणि ग्रंथालयात त्या विषयाच्या कपाटापुढे उभे राहून कोणते पुस्तक हातात घ्यावेसे वाटते ते पाहावे. आवड ही हवेत नसते. विषयाचा कंटाळवाणा भागही ज्याला सोसवतो, त्यालाच त्या विषयाची आवड आहे असे म्हणावे.

दुय्यम विषयाचे मोल

नव्या आराखड्यात सर्वांत दुर्लक्षित राहिलेला भाग दुय्यम विषयाचा आहे. नावातच ‘दुय्यम’ असल्यामुळे गुण मिळवून देणारा सोपा विषय, एवढीच त्याची किंमत केली जाते. वास्तविक मुख्य विषयाला दुसरा डोळा देण्याचे काम दुय्यम विषय करतो. आयोगाच्या पदव्युत्तर आराखड्यानुसार पदवीच्या मुख्य विषयाप्रमाणेच दुय्यम विषयातही पदव्युत्तर प्रवेशाचे दार उघडू शकते. तेव्हा त्याला व्यवहारातही मोल आहे. अर्थशास्त्राला संख्याशास्त्राची, राज्यशास्त्राला अर्थशास्त्राची, मराठीला इतिहासाची किंवा भाषाविज्ञानाची, वनस्पतिशास्त्राला रसायनाची जोड ही नुसती बेरीज नसते.

महाराष्ट्रातील विद्वत्तेचा इतिहास पाहिला तर हे पटेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबईत अर्थशास्त्र व राज्यशास्त्र घेऊन १९१२ च्या सुमारास पदवी मिळवली आणि कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र हा मुख्य विषय ठेवून समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान व मानवशास्त्र यांचाही अभ्यास केला. रुपयाच्या प्रश्नावर लिहिणारी आणि जातिसंस्थेची चिकित्सा करणारी लेखणी एकच होती, याचे एक कारण या जोडणीत सापडते. इरावती कर्वे यांनी फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञान घेऊन पदवी मिळवली, मग समाजशास्त्रात एम.ए. केले आणि बर्लिनला जाऊन मानवशास्त्रात डॉक्टरेट संपादन केली. दामोदर धर्मानंद कोसंबी हे १९२९ चे हार्वर्डचे पदवीधर आणि व्यवसायाने गणिती. परंतु प्राचीन नाण्यांच्या वजनांना संख्याशास्त्राची कसोटी लावून त्यांनी भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवी दृष्टी दिली. ही माणसे असामान्य होती हे खरे. पण एका विषयाची पक्की बैठक आणि दुसऱ्या विषयाकडे जाण्याची तयारी, ही त्यांची रीत सामान्य विद्यार्थ्यालाही अनुसरता येण्यासारखी आहे.

चौथ्या वर्षाचा हिशेब

चार वर्षांच्या पदवीविषयी पालकांच्या मनात सर्वाधिक गोंधळ आहे. दिल्ली विद्यापीठाने २०१३ साली असा अभ्यासक्रम घाईने सुरू केला आणि २०१४ च्या जूनमध्ये तो मागे घ्यावा लागला, ही आठवणही ताजी आहे. आताच्या आराखड्यात चौथे वर्ष सक्तीचे नाही. तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते. चौथे वर्ष केल्यास ऑनर्स पदवी मिळते आणि पहिल्या सहा सत्रांत पंचाहत्तर टक्के किंवा अधिक गुण असल्यास संशोधनासह ऑनर्सचा मार्ग खुला होतो. चार वर्षांनंतर एम.ए. किंवा एम.एस्सी. एका वर्षात करता येते. म्हणजे तीन अधिक दोन किंवा चार अधिक एक, पदव्युत्तर पदवीपर्यंतची बेरीज पाचच.

बेरीज सारखी असली तरी हिशेब सारखा नाही. ज्याला नोकरी धरायची आहे, स्पर्धा परीक्षा द्यायची आहे किंवा घरची जबाबदारी उचलायची आहे, त्याला तीन वर्षांची पदवी पुरेशी आहे. चौथ्या वर्षाचा खर्च म्हणजे केवळ शुल्क नव्हे. त्या वर्षात मिळू शकणाऱ्या पगारावर सोडलेले पाणीही त्यात धरले पाहिजे. ज्याला संशोधनाकडे जायचे आहे त्याला चौथे वर्ष उपयुक्त आहे, कारण पंचाहत्तर टक्क्यांसह चार वर्षांची पदवी असल्यास पीएच.डी.साठी पात्र होता येते आणि नेटला बसण्याची मुभाही आयोगाने २०२४ साली दिली. परदेशी, विशेषतः अमेरिकेत, जाऊ इच्छिणाऱ्यांनाही ते सोयीचे पडते, कारण तेथील अनेक विद्यापीठे सोळा वर्षांच्या शिक्षणाची अपेक्षा ठेवतात. परंतु येथे एक प्रश्न आवर्जून विचारला पाहिजे. ते चौथे वर्ष कोणाच्या हाताखाली जाणार? संशोधनाची मान्यता असलेले पूर्णवेळ अध्यापक, बरे ग्रंथालय आणि चालती प्रयोगशाळा असलेल्या महाविद्यालयात ते घालवणे फायद्याचे आहे. या गोष्टी जेथे नाहीत, तेथे तीन वर्षांनी पदवी घेऊन विद्यापीठाच्या विभागात दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी करणे अधिक शहाणपणाचे.

एक वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोयही बोलबाला होऊन आली आहे. अडचणीत सापडलेल्या विद्यार्थ्याची वर्षे वाया जाऊ नयेत, त्याचे श्रेयांक बँकेत जमा राहावेत आणि पुढे त्याने परत यावे, हा हेतू चांगला आहे. मात्र बँकेतल्या या ठेवीला मुदत आहे. श्रेयांक साधारणपणे सात वर्षांपर्यंतच वापरता येतात. आणि लोकसेवा आयोग, बँकांची अधिकारीपदे किंवा बी.एड.चा प्रवेश, या सर्वांची दारे पदवीशिवाय उघडत नाहीत. हुंडा-लग्न, शेती किंवा घरातले आजारपण यांसाठी शिक्षण सोडायला लावणाऱ्या नातेवाइकांना ‘एक वर्षाचे प्रमाणपत्र मिळालेच आहे ना’ असे म्हणण्याची सोय होऊ नये. बाहेर पडण्याचे दार अपघातासाठी असते. तेच राजमार्ग बनले तर त्यातून प्रथम मुली आणि गरीब मुलेच बाहेर ढकलली जातील.

वेळापत्रकाच्या चौकटीतले स्वातंत्र्य

येथवरच्या विवेचनावर तालुक्याच्या गावातील कोणीही अध्यापक एक आक्षेप घेईल आणि तो रास्त आहे. निवड करायची कशातून? उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार २०२१-२२ मध्ये देशात सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते आणि पदवीच्या स्तरावर सर्वांत मोठा वाटा, चौतीस टक्क्यांहून थोडा अधिक, कला शाखेचा होता. यांतील फार मोठा वर्ग ज्या महाविद्यालयांत शिकतो तेथे एका विषयाला एक किंवा दोन अध्यापक असतात. एक निवृत्त झाला की ती जागा वर्षानुवर्षे भरली जात नाही आणि तासिका तत्त्वावर नेमलेला तरुण अध्यापक दोन-तीन महाविद्यालयांच्या फेऱ्या मारीत वेळापत्रक सांभाळतो. आराखड्यात दहा दुय्यम विषय असले तरी वेळापत्रकात दोनच असतात. मुक्त ऐच्छिक विषय विद्यार्थी निवडत नाहीत. ज्या अध्यापकाचा कार्यभार कमी पडतो त्याच्या विषयाकडे ते पाठवले जातात. पुण्या-मुंबईच्या मोठ्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला खरोखरच निवड करता येते आणि त्याच विद्यापीठाच्या दूरच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला कागदावरची निवड मिळते. दोघांच्या पदवीपत्रावर मात्र श्रेयांक सारखेच छापले जातात.

म्हणून विषयाची निवड हा केवळ विद्यार्थ्याचा खासगी प्रश्न समजणे योग्य नाही. चुकीच्या निवडीचा दोष त्याच्या माथी मारण्यापूर्वी त्याला निवडीची साधने दिली पाहिजेत. यासाठी फार मोठा खर्च लागेल असे नाही. प्रत्येक महाविद्यालयाने प्रवेशाच्या वेळी पुढील तीन वर्षांत कोणते मुख्य व दुय्यम विषय खरोखर शिकवले जातील, त्यांना पूर्णवेळ अध्यापक किती आहेत आणि मागील तीन वर्षांत त्या विषयाचे विद्यार्थी पुढे कोठे गेले, हे एका पानावर मराठीत छापून द्यावे. एका तालुक्यातील दोन-तीन महाविद्यालयांनी एकत्र येऊन शनिवारचे तास एकमेकांच्या विद्यार्थ्यांसाठी खुले करावेत. ज्याच्याकडे संख्याशास्त्राचा अध्यापक आहे त्याने तो द्यावा, ज्याच्याकडे भूगोलाची प्रयोगशाळा आहे त्याने ती द्यावी. प्रत्येक अध्यापकाकडे ठरावीक विद्यार्थी सोपवून वर्षातून दोनदा त्यांच्याशी विषयाबाबत बोलण्याचे काम कार्यभारात धरावे. आणि शासनाने रिक्त जागा भराव्यात. कारण अध्यापकाविना निवडीचे स्वातंत्र्य म्हणजे दुकानात माल नसताना दिलेली शिधापत्रिका होय.

शाळांतील शिक्षकांचाही यात वाटा आहे. नववी-दहावीतच ‘तुला गणित जमणार नाही’ किंवा ‘हुशार आहेस, मग आर्ट्सला कशाला जातोस?’ अशी दोन वाक्ये सहज बोलली जातात आणि ती पुष्कळ मुले जन्मभर वागवतात. पहिल्या वाक्याने एक दार बंद होते आणि दुसऱ्याने दुसरे. ज्या घरात आधी कोणी पदवीधर झालेले नाही, त्या घरातील मुलासाठी शाळेतील शिक्षक आणि कार्यालयातील ओळखीचा कारकून हेच सल्लागार असतात. त्यांनी आपल्या काळातील ‘स्पेशल’चे अनुभव सांगावेत, मात्र नियम आता बदलले आहेत हेही सांगावे आणि शक्य असल्यास विद्यापीठाचा नवा अभ्यासक्रम मुलाबरोबर बसून वाचावा. एका संध्याकाळचे हे काम आहे.

पदवीला आज जी किंमत आहे ती तिच्यावरच्या शिक्क्याची किती आणि तिच्यातल्या ज्ञानाची किती, हा वाद अर्थशास्त्रात मायकेल स्पेन्स यांच्या १९७३ च्या निबंधापासून चालू आहे. नोकरी देणारा शिक्का पाहतो, हे अनेकदा खरे असते. पण पदवी सर्वांकडे झाली की शिक्क्याचे मोल उतरते आणि मग विचारले जाते ते एवढेच, की या माणसाला नक्की काय येते? त्या दिवशी उपयोगी पडतो तो नीट समजून निवडलेला आणि मनापासून शिकलेला एक विषय. तो निवडण्यासाठी विद्यार्थ्याने चार मिनिटांऐवजी चार आठवडे द्यावेत, आणि त्या चार आठवड्यांत त्याच्याशी बोलायला महाविद्यालयात कोणी तरी असावे, एवढी अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.